पंपिंग सुधारलंय, तेव्हाच विचारा

5 नोव्हेंबर 1982 रोजी पवनारच्या आश्रमात विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. वय 87. डॉक्टरांनी उपचार सुरू केले आणि ते लागूही पडू लागले. तीन दिवसांनी, 8 तारखेच्या संध्याकाळी, विनोबांनी औषध, अन्न आणि पाणी तिन्ही नाकारलं. 15 नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, ते गेले. आपल्याकडे ही हकीकत प्रायोपवेशन म्हणून सांगितली जाते, संतपरंपरेच्या ओळीत नेऊन बसवली जाते आणि हात जोडले की विषय संपतो. मला त्यातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. तब्येत सुधारत असताना माणूस 'आता पुरे' म्हणाला आणि भोवतालच्या माणसांनी, डॉक्टरांसकट, ते ऐकून घेतलं. कुणी बळजबरीने नाकात नळी घातली नाही. आत्महत्येचा प्रयत्न तेव्हा भारतीय दंड संहितेच्या कलम 309 खाली गुन्हा होता, पण म्हणून पवनारला अटक करायला कुणी गेलं नाही.

अर्थात ते विनोबा होते. त्यांच्या 'नको'ला वजन होतं. त्याच वयाची, त्याच दुखण्याची बार्शीची नाहीतर चिपळूणची एखादी आजी आयसीयूत नाकातली नळी उपसून काढते, तेव्हा केसपेपरवर 'पेशंट सहकार्य करत नाही' असं लिहिलं जातं आणि तिची मनगटं गॉजपट्टीने कॉटच्या दांडीला बांधली जातात. बांधणारी नर्स दुष्ट नसते. आजीने शुद्धीत असताना, धडधाकट असताना काय सांगितलं होतं हे तिला माहीत नसतं, कारण आजीला कधी कुणी विचारलेलंच नसतं.

मरणाच्या हक्काबद्दल आपल्याकडे जी चर्चा चालते ती कोर्टात आणि आयसीयूच्या दाराशी चालते. माझं म्हणणं असं की निदान हृदयरोग्यांपुरती तरी ती ओपीडीत व्हायला हवी, आणि तीही रोगी सुधारत असताना. 'पंपिंग 20 वरून 45 वर आलंय' असं डॉक्टर हसून सांगतात ना, त्याच बैठकीत. (पंपिंग म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते.) हे वाचायला विचित्र वाटेल, कुणाला निष्ठुरही वाटेल. पण दयाळू डॉक्टर म्हणजे काय, याचं उत्तर मला तरी तिथेच सापडतं.

आधी कायद्याचं बघू. मराठीत इच्छामरणावर लिहायचं तर अरुणा शानभाग यांच्यावाचून सुरुवात होत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर 27 नोव्हेंबर 1973 रोजी हल्ला झाला, मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि त्या 18 मे 2015 पर्यंत त्याच रुग्णालयात पडून राहिल्या. पत्रकार पिंकी विराणी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 ला निकाल दिला. अरुणाबाईंना तो लागू झाला नाही. पण उपचार थांबवून नैसर्गिक मरण येऊ देणं काही अटींवर मान्य होऊ शकतं, ही वाट त्याने उघडली. केईएमच्या परिचारिकांचा याचिकेला विरोध होता. वर्षानुवर्षं त्यांनी घास भरवला होता, अंग पुसलं होतं, कूस बदलली होती. दया दोन्ही बाजूंना होती, आणि म्हणूनच तो खटला इतका अवघड होता.

पुढे 9 मार्च 2018 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 'कॉमन कॉज' खटल्यात सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या कलम 21 मध्ये बसवला आणि लिव्हिंग विलला, म्हणजे आपल्या शेवटच्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला, मान्यता दिली. त्या निकालातली प्रक्रिया मात्र अशी होती की पेशंट आधी जाईल आणि कागद मागाहून पोहोचेल. सही न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर, वैद्यकीय मंडळावर वीस-वीस वर्षं अनुभवाचे डॉक्टर. जानेवारी 2023 मध्ये न्यायालयानेच ती सैल केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. रुग्णालयाने नेमलेलं एक मंडळ आणि पडताळणीसाठी दुसरं, दोघांनी शक्यतो 48 तासांत मत द्यायचं, न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. इच्छापत्राची प्रत स्थानिक संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवता येते. पण असा अधिकारी मुळात नेमलाच नव्हता. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तेव्हा कुठे महापालिका हलल्या. कर्नाटक सरकारने जानेवारी 2025 मध्ये परिपत्रक काढून आपल्या रुग्णालयांना ही प्रक्रिया लागू केली.

हे सगळं चांगलंच आहे. पण या कायद्याच्या नजरेसमोर जो रोगी आहे तो व्हेंटिलेटरवरचा, बेशुद्ध, 'बरा होण्याची आशा नाही' असं तीन डॉक्टर एकमुखाने सांगू शकतील असा. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यात हे सांगता येतं. मेंदू मेल्यावर तर येतंच. हृदयाच्या बाबतीत ते सहसा सांगता येत नाही, आणि देशात साधारण दर चार मृत्यूंमागे एक मृत्यू हृदयाचा आणि रक्तवाहिन्यांचा आहे.

हार्ट फेल्युअर हा शब्द फसवा आहे. हृदय एकदम नापास होत नाही. ते एटीकेटी घेत घेत वर्षं काढतं. पायांवर सूज येते, रात्री आडवं झालं की दम लागतो, उशा दोनाच्या तीन होतात. मग अ‍ॅडमिट, शिरेतून 'पाण्याचं' इंजेक्शन, म्हणजे अंगात साठलेलं पाणी काढणारं, दोन-चार लिटर लघवी, सूज उतरते, माणूस चालत घरी येतो. दोन महिने बरे जातात. पुन्हा तेच. प्रत्येक वेळी माणूस 'गेलाच होता' आणि प्रत्येक वेळी 'वाचला'. यातली नेमकी कितवी खेप शेवटची, हे उत्तम डॉक्टरलाही आधी सांगता येत नाही. त्यामुळे 'आशा नाही' ही कायद्याची अट पुरी होते ती अगदी शेवटच्या काही तासांत. तेव्हा रोगी बोलण्याच्या अवस्थेत नसतो आणि नातेवाईक ऐकण्याच्या.

दुसरीकडे हृदय खरोखर सुधारतंही. गेल्या दहा वर्षांत औषधं फार बदलली आहेत. आज चार प्रकारच्या गोळ्या एकत्र देतात, त्यातला एक प्रकार तर मुळात मधुमेहाचा. काही रोग्यांचं इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे ज्याला आपण घरात 'पंपिंग' म्हणतो ते, 20-25 टक्क्यांवरून जवळजवळ सामान्य होतं. बाळंतपणानंतर हृदय कमजोर झालेल्या कित्येक बाया पूर्ववत होतात. म्हणूनच 'हार्ट गेलंय, आता घरी न्या' असं घाईने सांगणारा डॉक्टर मला दयाळू वाटत नाही, मग तो कितीही हळू आवाजात बोलो. पण सुधारणा म्हणजे सुटका नव्हे. ब्रिटनमधल्या एका चाचणीत असे सुधारलेले रोगी घेतले, लक्षणं नसलेले, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चांगला आलेला. निम्म्यांची औषधं देखरेखीखाली हळूहळू बंद केली. सहा महिन्यांत त्यांतल्या 44 टक्के लोकांचा आजार उलटला. म्हणजे आजार गेलेला नसतो, तो दबलेला असतो. रोग्याला हे कळायला हवं. कळलं तर तो गोळ्या सोडणार नाही, हा पहिला फायदा.

माझ्या आत्याचं उदाहरण सांगतो. पंपिंग 22. वर्षभर गोळ्या घेतल्यावर 40. इकोचा रिपोर्ट बघून आम्ही पेढ्यांच्या गोष्टी करू लागलो. डॉक्टरांनी तो रिपोर्ट उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने एक रेघ काढली: खाली, वर, खाली, वर, पण दर वेळी वरचं टोक जरा खाली. माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघून म्हणाले, "काकू, तुम्ही आत्ता इथे आहात, या वरच्या टोकाला. गोळ्या नीट घेतल्यात तर इथे बरेच दिवस राहाल. पण कधीतरी खाली याल. तेव्हा मी काय काय करू आणि काय नको, ते आज सांगून ठेवा. तेव्हा तुम्हाला बोलता येईलच असं नाही."

मी मध्ये पडलो. "डॉक्टर, आत्ता कशाला हे?" आत्याने मला हाताने गप्प केलं. ती म्हणाली, "घशात नळी नको. ते छाती दाबतात तेही नको, माझ्या दिराची बरगडी मोडली होती त्यात. पण पाण्याचं इंजेक्शन देऊन दम कमी होत असेल तर ते द्या हो. आणि या पोराला विचारू नका, हा घाबरट आहे." डॉक्टरांनी ते तिच्या शब्दांत लिहून घेतलं, तिची सही घेतली आणि वर म्हणाले, "सहा महिन्यांनी परत विचारीन. मत बदललं तर बदला." आत्या अजून आहे, आणि गोळ्यांच्या डबीवरून सुनेशी तिचं रोज वाजतं.

त्या बोलण्यात कुणी मरण मागितलं नव्हतं. आत्याने एक उपचार मागून घेतला आणि दोन नाकारले. 'सगळं करा' आणि 'काहीच करू नका' या दोन वाक्यांच्या मध्ये एवढी मोठी जागा आहे, आणि आपल्या रुग्णालयांत नातेवाइकांपुढे फक्त ही दोन वाक्यं ठेवली जातात. छाती दाबण्याचंच बघा. रुग्णालयात हृदय बंद पडलेल्या साधारण पाचांतला एक जिवंत घरी जातो, आणि हे प्रगत देशांतले आकडे आहेत. अचानक झटका आलेल्या पन्नाशीच्या माणसासाठी तो एक मोलाचा आहे, तिथे जीव तोडून छाती दाबलीच पाहिजे. वर्षानुवर्षं थकत गेलेल्या ऐंशीच्या हृदयासाठी हिशोब वेगळा असतो, आणि तो हिशोब ज्याच्या बरगड्या आहेत त्याने मांडायचा असतो.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल आपल्याकडे बोललंच जात नाही. काही रोग्यांच्या छातीत कातडीखाली डिफिब्रिलेटर बसवतात, आयसीडी म्हणतात त्याला. हृदयाची लय जीवघेणी बिघडली की तो आतून शॉक देतो. त्याने असंख्य जीव वाचलेत. पण ज्याचं सगळंच शरीर थकून मिटत चाललंय, त्याची लय शेवटच्या तासांत बिघडतेच, आणि यंत्राला मरण कळत नाही. ते शॉक देत राहतं. माणूस कॉटवर उडतो. शुद्धीत असेल तर छातीत लाथ बसल्यासारखं वाटतं. यावर उपाय साधा आहे. कंपनीच्या प्रोग्रॅमर नावाच्या यंत्राने शॉक बाहेरून बंद करता येतो, आणि ते घेऊन माणूस येईपर्यंत छातीवर त्या जागी गोल चुंबक चिकटपट्टीने लावून ठेवला तरी शॉक थांबतात. हृदयाला ठोका देण्याचं काम चालूच राहतं, त्यामुळे हे मारणंही नव्हे. युरोप-अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनांनी 2010 मध्येच लिहून ठेवलंय की ही चर्चा यंत्र बसवतानाच करावी. यंत्र बसवण्यापूर्वी आपल्याकडे नातेवाइकांशी बोलणं होतं ते किमतीवर आणि वॉरंटीवर. ते कधी बंद करायचं हा प्रश्न संमतिपत्राच्या छापील कागदांत मी तरी पाहिलेला नाही.

डॉक्टर हे का बोलत नाहीत? भीती, हे एक कारण, आणि ती भीती खोटी नाही. रुग्ण दगावला की काचा फुटतात. डॉक्टरांवरचे हल्ले रोखायला महाराष्ट्रात 2010 पासून स्वतंत्र कायदा आहे, तरी फुटतात. 'तुम्ही आधीच हात टेकले होते' असा आरोप उद्या होऊ शकतो, तेव्हा 'प्रयत्न चालू आहेत' हे वाक्य सगळ्यांत सुरक्षित. दुसरं कारण वेळ. ओपीडीत बाहेर साठ माणसं बसलेली, आत एकाला चार मिनिटं. तिसरं कारण बोलायला नको असं: स्टेंटचा दर ठरलेला आहे, आयसीयूच्या दिवसाचा दर ठरलेला आहे, बोलण्याचा दर ठरलेला नाही.

आणि इथे आपल्या सगळ्यांचं एक सोयीचं ढोंग आहे. इच्छामरण हवं की नको यावर वाद घालणाऱ्या या देशात उपचार थांबवणं रोज चालू आहे. फक्त त्याला 'डामा' म्हणतात, डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल अ‍ॅडव्हाइस. तीन दिवसांत पैसे संपतात, मुलगा कोपऱ्यात जाऊन दोन फोन करतो, परत येऊन म्हणतो, "आम्ही घरी घेऊन जातो." एका छापील कागदावर सही होते की डॉक्टरांनी सांगूनही आम्ही नेत आहोत. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये श्वास देणारा फुगा दाबत दाबत गावच्या वेशीपर्यंत नेतात. घरी ना ऑक्सिजन, ना दम कमी करणारं औषध. गरिबाला मरणाचा हक्क न मागताच मिळतो; त्यातला सन्मान तेवढा वगळलेला असतो. ज्याच्याकडे विमा आहे त्याला मरता येत नाही आणि ज्याच्याकडे नाही त्याला नीट मरता येत नाही, अशी ही वाटणी आहे. तो मुलगा आयुष्यभर समजतो की आपण आईला पैशासाठी मारलं. कुणी आधी बसून सांगितलं असतं की आईला तसंही हे नकोच होतं, तर निर्णय तोच राहिला असता, पण ते ओझं त्याच्या डोक्यावर आलं नसतं.

आता आक्षेप. सगळ्यांत मोठा इस्टेटीचा. सात-बारावर नाव असलेल्या म्हातारीचं 'नको' कुणी कुणाकडून वदवून घेतलं, हे कोण बघणार? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. आपल्या घरांत बायकांना जन्मभर 'माझं काही नको, तुमचं होऊ दे' म्हणायची सवय लावलेली असते. त्या सवयीला मरणाची इच्छा समजणं ही क्रूर चूक ठरेल. पण या धोक्याला सगळ्यांत जास्त जागा आज आहे, जिथे रोगी बेशुद्ध असतो आणि मुलगे दारात उभे राहून ठरवतात. रोगी शुद्धीत, डॉक्टरसमोर, मुलांना बाहेर बसवून बोलला तर तो धोका वाढतो की कमी होतो?

दुसरा आक्षेप मनाचा. हृदयविकारानंतर नैराश्य पुष्कळांना येतं आणि ते ओळखलं जात नाही. अशा माणसाचं 'पुरे झालं' हे त्याच्या आजाराचं बोलणं असू शकतं, त्यावर उपचार करायचे असतात. म्हणूनच झटक्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात कुणाकडून काही लिहून घेऊ नये. पंपिंग सुधारलंय, झोप लागतेय, माणूस भाजी आणायला चालत जातोय, तेव्हा विचारावं. आणि एकदा विचारून फाईल बंद करू नये.

आशा मारली जाते, असाही एक आक्षेप असतो. तो मला फारसा पटत नाही. आपले लोक मृत्युपत्र करतात, विमा काढतात, काशीला जाऊन येतात, स्वतःच्या तेराव्याचं जेवण काय असावं हे हसत सांगतात. मरणाचा विषय आपल्याला वर्ज्य नाही. तो डॉक्टरच्या खोलीत तेवढा वर्ज्य आहे.

नेदरलँड्सने 2002 मध्ये आणि कॅनडाने 2016 मध्ये डॉक्टरच्या हातून मरण मागण्याचा हक्क दिला. तो इथे आणावा का? मिनू मसानी यांनी 1981 मध्ये मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली, तेव्हापासून हा प्रश्न आपल्यापुढे आहे. माझं उत्तर आज तरी नाही असं आहे. ज्या जिल्ह्यात दम लागलेल्या म्हातारीला मॉर्फिनचा थेंब मिळत नाही, तिथे ती मरण मागेल ते मरणासाठी मागणार नाही, श्वासासाठी मागेल. आधी श्वास द्या.

मॉर्फिनचं हे सहज लिहिलेलं नाही. ते वेदनेचं औषध म्हणून आपल्याला माहीत आहे. पण कमी मात्रेत ते शेवटच्या टप्प्यातला, दुसऱ्या कशाने न थांबणारा दमही हलका करतं. 2014 मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ते वैद्यकीय वापरासाठी सोपं झालं. तरी ते मिळतं प्रामुख्याने कॅन्सरच्या रुग्णालयांत. आपल्याकडची शुश्रूषा-व्यवस्थाच कॅन्सरभोवती वाढली. वांद्र्याचं शांती आवेदना सदन, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रोग्यांच्या शुश्रूषेचं घर, 1986 मध्ये कॅन्सर रोग्यांसाठीच सुरू झालं, आणि त्याची शाखा गोव्यातही आहे. हृदयाच्या रोग्याला असा दरवाजा नाही. त्याला कार्डिओलॉजिस्ट असतो, आयसीयू असतं आणि मग घर. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत त्याची अँजिओप्लास्टी बसते, बायपास बसते. आठवड्यातून एकदा घरी येऊन वजन, सूज आणि दम बघणारी, पाण्याची गोळी वाढवायची का हे फोनवर डॉक्टरांना विचारणारी नर्स बसत नाही. ती आली तर निम्म्या खेपा अ‍ॅडमिट व्हावंच लागणार नाही, असं मला वाटतं, आणि शेवटची खेपही घरच्या कॉटवर निभावता येईल.

तेव्हा मागणी मोठी नाही, कायदा बदलण्याचीही नाही. हार्ट फेल्युअरच्या प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर, औषधांच्या यादीच्या खाली, दोन ओळी: रोग्याशी बोलणं झालं का, आणि तो काय म्हणाला. आयसीडीच्या संमतिपत्रात एक कलम: शॉक कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून बंद करायचा. आणि योजनेच्या पॅकेजांच्या लांबलचक यादीत, स्टेंट आणि व्हॉल्व्हच्या शेजारी, अर्ध्या तासाच्या बोलण्याचा एक कोड, ठरलेल्या दरासकट. अर्ध्या तासाला किती रुपये द्यायचे यावर डॉक्टरांच्या संघटनांनी सरकारशी खुशाल भांडावं.